आधी पीआर, मग राजीनामा

पत्र थोडं छोटं करून देतेय:

"ताई, मी ३३ वर्षांची, मूळची नाशिकची. १९ महिन्यांपूर्वी ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचं परमिट) श्टुटगार्टला आले, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत बॅटरी सॉफ्टवेअरचं काम करते. नवरा आणि चार वर्षांची मुलगी माझ्यासोबतच आले, नवऱ्यालाही इथल्याच दुसऱ्या ऑटो कंपनीत नोकरी लागलीये. आता मला बर्लिनच्या एका बॅटरी सॉफ्टवेअरच्या स्टार्टअपची ऑफर आहे. ४५ माणसं, नुकतीच सिरीज ए (गुंतवणूकदारांकडून पहिली मोठी रक्कम) झालीये. पगार आत्ताच्या ८४ हजारांऐवजी ७८ हजार युरो, पण वर ०.२५ टक्के व्हर्च्युअल शेअर्स, ते म्हणतात आजच्या भावाने ते दीड लाख युरोचे आहेत. काम मनापासून आवडलंय. वर्षभरात बर्लिनला शिफ्ट व्हावं लागेल. नवरा म्हणतो तू ठरव. सासरे ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेत, ते दर व्हिडिओ कॉलला एकच विचारतात, तोट्यातली कंपनी पगार कुठून देणार? आणि मला नीट उत्तर देता येत नाही. जर्मन भाषेची बी१ पातळी झालीये. दोन आठवड्यांत कळवायचंय. काय करू?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष त्या दीड लाखाकडे गेलं, तुझंही तिथेच गेलेलं दिसतंय, पण दुसऱ्यांदा वाचताना नजर अडकली ती १९ महिने आणि बी१ ह्या दोन गोष्टींवर. तू त्या जाता जाता लिहून टाकल्यास, पण माझ्या मते सगळं तिथेच आहे. ब्लू कार्डवाल्याकडे बी१ असेल तर २१ महिने नोकरी झाली की कायमचं राहायचं परमिट, म्हणजे आपण सगळे ज्याला पीआर म्हणतो ते, मागता येतं (ए१ वर २७ महिने, आधी ३३ होते, नोव्हेंबर २०२३ पासून कमी केले). तू दारात उभी आहेस, दोन महिने राहिलेत फक्त. आणि नवरा आणि लेक दोघंही तुझ्यामागून आलेत म्हणजे त्यांचे परमिट तुझ्या कार्डाला बांधलेले, तिघांचा मुक्काम एका प्लास्टिकच्या कार्डावर आहे.

म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागून. नोकरी घे. पण राजीनामा आत्ता देऊ नकोस, पीआरचा कागद हातात आल्यावर दे, आणि ते दीड लाख आजपासून शून्य धरून चाल.

आता सासऱ्यांकडे येऊ. त्यांचा प्रश्न अजिबात जुनाट नाहीये, मला वाटतं ऑफर घेणाऱ्या प्रत्येकाने मुलाखतीत हाच प्रश्न विचारायला हवा. उत्तर असं की पगार विक्रीतून येत नाही, गुंतवणूकदारांनी बँकेत टाकलेल्या ढिगातून येतो. दर महिन्याला त्यातून जेवढं जास्तीचं जातं त्याला बर्न म्हणतात आणि ढीग संपायला किती महिने उरलेत त्याला रनवे. समज सिरीज एला १२ मिलियन युरो आले आणि महिन्याला ५ लाख जास्तीचे जातायत तर २४ महिने. पण पुढची राउंड, म्हणजे पैसे उभारायची पुढची फेरी, उचलायला सहा महिने सहज जातात, म्हणून खरं तर १८ महिन्यांत त्यांना काहीतरी करून दाखवावं लागणार. त्यांना द्राक्षबागेचं उदाहरण दे, नाशिकच्या माणसाला ते एका वाक्यात कळेल. बाग लावली की पहिलं पीक हातात येईपर्यंत मांडव, ठिबक, औषधं, मजुरी सगळं खिशातून. इथे खिसा व्हेंचर कॅपिटलवाल्याचा आहे आणि तो सावकार नाही, भागीदार आहे, बाग गेली तर त्याचे पैसे बुडाले, मागायला येत नाही. मात्र तो एकच बाग लावत नाही, वीस-पंचवीस लावतो, त्यातल्या बऱ्याच जाणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं आणि एखाद-दुसरी एवढी फळते की बाकीच्यांचं भरून निघतं. त्याच्यासाठी तुझी कंपनी पंचवीसातली एक. तुझ्यासाठी ती एकच आहे. हा फरक डोक्यात ठेव, कारण पुढचं सगळं ह्याच्यातूनच येतं.

आणि हे पैसे फंडवाल्याचेही नसतात. तो दुसऱ्यांकडून साधारण दहा वर्षांच्या बोलीवर गोळा करतो. अमेरिकेत ते मोठे पेन्शन फंड आणि युनिव्हर्सिटीचे निधी देतात. जर्मनीत तुझ्या पगारातून रेंटनफरझिशेरुंगचे जे पैसे कापले जातात ते कुठे साठत नाहीत, ते जवळजवळ लगेच आजच्या आजी-आजोबांना पेन्शन म्हणून जातात, त्यामुळे गुंतवायला तेवढा मोठा साठाच तयार होत नाही. ती पोकळी सरकारी पैशाने भरलीये, लक्झेंबर्गचा युरोपियन इन्व्हेस्टमेंट फंड, जर्मनीचा केएफडब्ल्यू कॅपिटल, फ्रान्सची बीपीआय. सुरुवातीच्या राउंडना हा पैसा पुरतो पण पुढच्या मोठ्या राउंडला बहुतेक वेळा अमेरिकन फंडाचं दार ठोठवावं लागतं, आणि म्हणूनच स्पॉटिफाय स्टॉकहोमची पण २०१८ ला शेअर बाजारात आली ती न्यूयॉर्कला, क्लार्नाही स्टॉकहोमचीच आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तीही न्यूयॉर्कलाच. तुझ्यासाठी ह्याचा अर्थ एवढाच की सिरीज ए झाली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, सिरीज बी ला, म्हणजे पुढच्या राउंडला, पैसा कुठून येणार हा खरा घाट आहे.

पण ह्यावरून युरोपात काही होतच नाही असं समजू नकोस हां, आपल्याकडे फोनवर असंच बोलतात लोक. स्काइप आठवतं ना, २००३ ला सुरू झालं, एक स्वीडिश आणि एक डॅनिश माणूस आणि कोड लिहिणारी टालिनची एस्टोनियन पोरं. २००५ मध्ये ईबेने २.६ अब्ज डॉलरला घेतलं. त्यानंतर जे झालं ते जास्त महत्त्वाचं, निक्लास झेनस्ट्रोमने त्या पैशातून लंडनला अ‍ॅटोमिको नावाचा फंड काढला आणि स्काइपचा पहिला कर्मचारी ताव्हेट हिन्रिकस ह्याने दुसऱ्या एका एस्टोनियनसोबत ट्रान्सफरवाइज काढली, म्हणजे तू आईला पैसे पाठवायला कदाचित जे वापरतेस ते आजचं वाइज. एका कंपनीतून पैसा आणि माणसं दोन्ही बाहेर पडतात आणि पुढच्या दहा कंपन्या उभ्या राहतात. बर्लिनला तेच झालं, झालांडो, डिलिव्हरी हिरो ह्या कंपन्यांत घडलेली माणसं आज दुसऱ्या कंपन्यांचे फाउंडर आहेत. जी माणसं तुला मुलाखतीत भेटली त्यांच्या लिंक्डइनवर जाऊन बघ, मला खात्री आहे दोघं-तिघं तरी अशाच ठिकाणाहून आलेले निघतील.

मग २०२१ आलं. त्या एका वर्षात युरोपातल्या टेक कंपन्यांत १०० अब्ज डॉलरच्या वर पैसा ओतला गेला. व्याज शून्याच्या आसपास, पैसा कुठेतरी लावायचा होता म्हणून लावला. बर्लिनची गोरिलाज, दहा मिनिटांत किराणा घरी आणणारी, २०२० मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये तिची किंमत एक अब्जाच्या वर गेली, एक वर्षसुद्धा झालं नव्हतं. मग २०२२ ला व्याज वाढलं, मे महिन्यात त्यांनी साधारण ३०० लोक काढले, डिसेंबरमध्ये तुर्कस्तानच्या गेटिरने कंपनी विकत घेतली आणि एप्रिल २०२४ मध्ये गेटिरनेही जर्मनीतून गाशा गुंडाळला. क्लार्नाची किंमत २०२१ मध्ये ४५.६ अब्ज डॉलर होती ती जुलै २०२२ ला ६.७ अब्ज झाली, कंपनी तीच आणि ऑफिसही तेच. ज्याला त्या वरच्या भावाने कागद मिळाले असतील त्याचा विचार कर. २०२३ पर्यंत युरोपातली एकूण गुंतवणूक ४५ अब्ज डॉलरच्या आसपास आली होती.

आत्ता परिस्थिती अशी की पैसा आटलेला नाही पण तो ठरावीक दारांतच शिरतोय. पॅरिसची मिस्ट्राल एप्रिल २०२३ मध्ये निघाली आणि जूनमध्ये तिला १०५ मिलियन युरो मिळाले, प्रॉडक्ट बाजारात यायच्या आधी. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिच्यात नेदरलँड्सच्या एएसएमएलने १.३ अब्ज घातले. म्युनिकच्या हेल्सिंगला, जी संरक्षणाचं काम करते, जून २०२५ ला ६०० मिलियन. एआय आणि डिफेन्स म्हटलं की लगेच पैसा येतो. बॅटरी म्हटलं की लोक थबकतात, कारण नॉर्थव्होल्ट. युरोपची स्वतःची बॅटरी कंपनी म्हणून अब्जावधी उभे केले आणि १२ मार्च २०२५ ला स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तुझी कंपनी फॅक्टरी नाही, सॉफ्टवेअर आहे, खर्च कितीतरी कमी, पण बी राउंडला समोर बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनात नॉर्थव्होल्ट असणार. त्यामुळे त्यांना हे विचार की पैसे देणारे ग्राहक किती आणि त्यातले वर्षाच्या कराराचे किती. कार कंपनीसोबत पायलट, म्हणजे चाचणीचं काम, चालू आहे असं म्हणाले तर विचार की पायलटचे पैसे मिळतात का आणि संपतो कधी. फुकटचा पायलट म्हणजे ग्राहक नाही. ऑटोवाल्यांकडे पायलटवरून ऑर्डरवर यायला किती काळ लागतो हे तुला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू पलीकडच्या बाजूला बसलीयेस आज.

आता ते दीड लाख. कागद-पेन घे.

त्यांचा हिशोब असा, कंपनीची किंमत ६० मिलियन, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे दीड लाख. बरोबर आहे, पण विकायला गेलीस तर कोण घेणार? कोणी नाही. व्हर्च्युअल शेअर म्हणजे शेअरच नव्हे, तो एक करार आहे की कंपनी विकली गेली किंवा बाजारात आली तर आम्ही तुला अमुक हिशोबाने पैसे देऊ. जर्मनीत जीएमबीएचचा (म्हणजे तिथल्या प्रायव्हेट लिमिटेडचा) खरा शेअर एकाकडून दुसऱ्याकडे जायचा तर नोटारसमोर बसावं लागतं, खर्च होतो, म्हणून सगळे हा व्हर्च्युअलचा मार्ग काढतात. २०२४ पासून कायद्यात सुधारणा झालीये आणि खरे शेअर दिले तर लहान कंपन्यांत टॅक्स लगेच भरावा लागत नाही, पुढे ढकलता येतो, पण व्हर्च्युअलला ते लागू नाही.

समज पुढे दोन राउंड होतात आणि प्रत्येकीत तुझा वाटा एक-पंचमांश पातळ होतो. ०.२५ चे ०.२० आणि मग ०.१६. सहा वर्षांनी कंपनी १०० मिलियनला विकली जाते, पेपरात फोटो, सगळ्यांचं अभिनंदन. तोवर गुंतवणूकदारांनी मिळून ६० मिलियन घातलेले. त्यांच्या करारात लिहिलेलं असतं की आधी आमचे पैसे परत, ह्याला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात. ६० गेले, उरले ४०. आता एक शब्द बघ, पार्टिसिपेटिंग. तो असेल तर आपले ६० घेऊन झाल्यावरही ते उरलेल्या ४० मध्ये आपल्या टक्क्यांप्रमाणे परत वाटा घेतात, तुला ४० मिलियनचे ०.१६ टक्के, म्हणजे ६४ हजार. तो शब्द नसेल, नॉन-पार्टिसिपेटिंग असेल, तर ते ६० घेऊन बाजूला होतात आणि ४० मिलियन फक्त फाउंडर आणि तुम्हा कर्मचाऱ्यांत वाटले जातात, सगळ्यांचे मिळून ४५ टक्के असतील तर तुझ्या वाट्याला १ लाख ४२ हजारांच्या आसपास येतात. कंपनीची किंमत, तुझी मेहनत, वर्षं सगळं तेच, फक्त एका शब्दाने दुपटीहून जास्त फरक.

अजून संपलं नाही. तुझ्या करारात बाझिसप्राइस नावाचा एक आकडा असेल, म्हणजे कोणत्या किमतीच्या वरची वाढ तुझी. तो आकडा नाममात्र असेल, एक युरो वगैरे, तर वरचं सगळं तुझं. पण तो आजच्या राउंडच्या भावाला लावला असेल तर तुझा दीड लाखाचा तुकडा दीड लाखाच्या वर गेला तरच वरचे पैसे. ६४ हजार, शून्य. १ लाख ४२ हजार, तरीही शून्य! १०० मिलियनला कंपनी विकली जाऊनही. आणि जे काही मिळेल ते पगार म्हणून धरलं जातं, त्याच्यावर पगारासारखा टॅक्स. ६४ हजार जरी पूर्ण मिळाले तरी हातात येताना ते पस्तीस-चाळीसच्या घरात येतील, आणि तू पगारात वर्षाला ६ हजार कमी घेतेयस, सहा वर्षांचे ३६ हजार (त्यावरही टॅक्स गेला असता हे खरं). म्हणजे सगळं चांगलं होऊनही जेमतेम बरोबरी. म्हणून म्हणते की पगार ८४ मागून बघ. शेअर थोडे कमी करा पण पगार तेवढाच ठेवा असं सरळ बोल, सिरीज ए झालेली कंपनी ह्याला वाईट वाटून घेत नाही, त्यांना सवय असते.

आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूने झालीये ती माहीत असू दे. पूर्वी बऱ्याच करारांत असायचं की स्वतः राजीनामा दिलास तर कमावलेले व्हर्च्युअल शेअरही गेले. १९ मार्च २०२५ ला एरफुर्टच्या बुंडेसआर्बाइट्सगेरिश्टने, म्हणजे कामगारांच्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं की असं कलम चालणार नाही, कमावलेलं ते कमावलेलं. तुझ्या करारात जुनं कलम राहिलं असेल तर सही करायच्या आधी दाखवून दे. हे प्रकार होतात गं. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये स्काइप घेतलं तेव्हा कंपनी सोडून गेलेल्या काही लोकांना कळलं की आपल्या कमावलेल्या ऑप्शन्सची किंमत काहीच नाही, कारण करारात कुठेतरी आत कंपनी ते परत घेऊ शकते असं वाक्य होतं. ८.५ अब्ज डॉलरचा सौदा झाला होता.

मी हे एवढं पोटतिडकीने का लिहितेय ते सांगते. मी स्वतः बर्लिनला एका कंपनीत होते, नाव नको, अकाउंट्स बघायचे. मंगळवारी सकाळी साडेनऊला सगळ्यांना किचनमध्ये बोलावलं, एरवी तिथे वाढदिवसाचे केक कापायचो. फाउंडर बोलला, त्याचा आवाज फुटत नव्हता, आणि शेजारी एक करड्या सुटातला माणूस उभा होता तो कोर्टाने नेमलेला इन्सोल्वेन्सवाला, म्हणजे दिवाळखोरीचं काम बघणारा. मला आकडे माहीत होते, बँकेत काय आहे ते मी रोज बघत होते, तरीही त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की राउंड होईल, शेवटच्या क्षणी होतेच. नाही झाली. तिसऱ्या दिवशी भाड्याचं कॉफी मशीन न्यायला माणसं आली आणि त्याच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, तो मला अजून आठवतो. आमच्यात जळगावचा एक मुलगा होता, ब्लू कार्डावर, येऊन सात महिने झालेले. आम्हा बाकीच्यांना पगाराची काळजी, त्याला व्हिसाची. तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधायची होती त्याला, बायको गरोदर. अकराव्या आठवड्यात मिळाली. त्या अकरा आठवड्यांत तो पोरगा किती वाळला ते मी पाहिलंय. म्हणून पीआर, पीआर करतेय मी. तो कागद असेल तर कंपनी बुडाली तरी तुझी नोकरी जाते, तुझं घर जात नाही.

पैशाच्या बाजूने मात्र जर्मनी माणसाला वाऱ्यावर सोडत नाही, हे सासऱ्यांना आवर्जून सांग. कंपनी दिवाळखोरीत गेली तर आधीच्या तीन महिन्यांचा थकलेला निव्वळ पगार आर्बाइट्सआगेंटूर, म्हणजे सरकारी रोजगार कचेरी, देते, त्याला इन्सोल्वेन्सगेल्ड म्हणतात, अर्ज मात्र दोन महिन्यांच्या आत करायचा. आम्हालाही तसाच मिळाला होता. त्यानंतर बेकारीभत्ता, मूल असेल तर निव्वळ पगाराच्या ६७ टक्के, आणि तुझे २४ महिने भरले की १२ महिने मिळू शकतो. नोकरी बदलली तरी हे महिने मोजले जातात, तुटत नाहीत. फक्त स्वतःहून कारण नसताना सोडलीस तर १२ आठवडे थांबवतात, एका नोकरीतून थेट दुसरीकडे जाणाऱ्याला तो प्रश्न येत नाही.

आता क्रम. ब्लू कार्डचे १२ महिने उलटलेत त्यामुळे नोकरी बदलायला आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी लोकांचे परमिट बघणाऱ्या ऑफिसची, आधी परवानगी लागत नाही, पण पीआरच्या अर्जासोबत मालकाचं पत्र जोडावं लागतं आणि त्यात नोकरी चालू आहे, राजीनामा दिलेला नाही असं लिहिलेलं हवं. राजीनामा दिलास की ते पत्र गेलं. आणि नव्या कंपनीत पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात, त्या काळात अर्ज केलास तर बरेच अधिकारी म्हणतात प्रोबेत्साइट संपल्यावर या. म्हणजे दोन महिन्यांचं काम आठ-दहा महिन्यांवर जातं. आणि अर्ज चालू असताना शहर बदलू नकोस, फाइल श्टुटगार्टहून बर्लिनला जाईल आणि कुठल्या कपाटात पडेल कोण जाणे. अपॉइंटमेंटची मागणी आजच टाक, २१ महिने व्हायची वाट बघू नकोस, तारीखच दोन-तीन महिन्यांनंतरची मिळते.

स्टार्टअप थांबेल का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. थांबेल. मोठ्या कंपन्यांची नोटीस तीन-तीन महिन्यांची असते हे त्यांना माहीत असतं आणि बॅटरी सॉफ्टवेअर येणारी माणसं रस्त्यावर मिळत नाहीत. करार आत्ता सही करायचा पण जॉइनिंग पाच-सहा महिन्यांनंतरची घे. आणि नाहीच म्हणाले, आत्ताच्या आत्ता या म्हणाले, तर मी म्हणेन सोडून दे, कारण ज्या कंपनीला एका माणसासाठी पाच-सहा महिने थांबायला जमत नाही तिच्या रनवेबद्दल मला शंका येईल.

सही करायच्या आधी अजून एक काम, आणि हे बहुतेक लोक करतच नाहीत. हांडेल्सरेगिस्टरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीच्या, साइटवर जा, ऑगस्ट २०२२ पासून ते फुकट आहे, कंपनीचं नाव टाक आणि गेसेलशाफ्टरलिस्टे, म्हणजे भागधारकांची यादी, डाउनलोड कर. कोणाकडे किती हिस्सा ते त्यात छापलेलं असतं. फाउंडरांकडे मिळून निम्मं किंवा त्याच्या आसपास असेल तर ठीक, आत्ताच पाव राहिलं असेल तर पुढच्या दोन राउंडनंतर त्यांच्या हातात काय उरणार आणि तेच किती दिवस जीव लावून काम करणार ह्याचा विचार कर. मग उंटरनेमेन्सरेगिस्टर नावाच्या दुसऱ्या सरकारी साइटवर ताळेबंद बघ. तो वर्षभर जुना असतो, पण बँकेतली शिल्लक दिसते. सगळ्यात खाली निश्ट दुर्श आयगनकापिटाल गेडेक्टर फेलबेट्राग अशी ओळ असेल तर समज तोट्याने भांडवल खाऊन टाकलंय. स्टार्टअपमध्ये हे दिसलं म्हणून लगेच घाबरायचं नाही, ती राउंडच्या आधीची तारीख असू शकते, पण फोनवर विचार, ह्यानंतर पैसे आले का आणि किती महिने पुरतील. आकडा सांगितला तर चांगलं. हसून विषय बदलला तर तेही उत्तरच आहे.

आणि नवरा तू ठरव म्हणतो ना, त्याला बसव जवळ आणि हे विचार की आपण दोघंही एकाच धंद्यात आहोत हे तुला दिसतंय का. २०२४ मध्ये गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या झेडएफने जर्मनीतल्या १४ हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करणार म्हणून सांगितलं, सप्टेंबर २०२५ ला बॉशने १३ हजार. मोठी कंपनी म्हणजे लागलेली सरकारी नोकरी असं सासऱ्यांच्या काळात ओझरला होतं आणि ते तेव्हा खरंच होतं, आज श्टुटगार्टला तसं नाही. एकाने ऑटोत राहायचं आणि एकाने थोडं बाहेर पाय टाकायचा, ह्यात मला जास्त सुरक्षितता दिसते. तू काम मनापासून आवडलंय असं लिहिलंस ते मी विसरले नाहीये. एवढ्या आकड्यांमध्ये ते एक वाक्य मनातलं होतं, आणि नोकरी घे असं मी म्हणतेय ते त्या वाक्यामुळे.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, लेबेन इन डॉइचलांडची, म्हणजे जर्मनीतल्या जीवनाबद्दलची, टेस्ट दिलीयेस का? पीआरला ती मागतात, ३३ प्रश्न, पीआरसाठी १५ बरोबर आले की झालं, अभ्यास दोन संध्याकाळचा आहे पण तारीख मिळायला आणि रिझल्ट यायला आठवडे जातात. त्यामुळे आज लेक झोपली की आधी फोल्क्सहोखशूलेच्या (शहराच्या प्रौढ शिक्षण केंद्राच्या) साइटवर टेस्टची पुढची तारीख पकड, मग आउसलेंडरबेहोर्डेला अपॉइंटमेंटची मेल टाक, आणि उद्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी स्टार्टअपला लिही की मला यायचंय, माझी जॉइनिंग अमुक महिन्यात शक्य आहे, पगाराबद्दल आणि बाझिसप्राइसबद्दल अर्धा तास बोलायचंय, आणि व्हर्च्युअल शेअरचा पूर्ण करार आधी वाचायला पाठवा. तो आला की लिक्विडेशन प्रेफरन्सचं पान काढून मला लिही, तिथे काय शब्द आहे ते आपण दोघी मिळून बघू.